मोजणाऱ्या यंत्राची चूक कशी मोजायची? नेटवर्क ॲनालायझरची गोष्ट

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मोजमापांच्या इतिहासावरच्या आपल्या मालिकेत आज मायक्रोवेव्हकडे वळूया. विषयाचं नाव जरा भारदस्त आहे: व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर आणि त्याने मोजले जाणारे स्कॅटरिंग पॅरामीटर, म्हणजे एस-पॅरामीटर. अभियांत्रिकी शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल. इतरांनी घाबरू नये, कारण आजचा मूळ प्रश्न अगदी घरगुती आहे. ज्या यंत्राने मोजायचं तेच सदोष असेल तर मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा?

हा प्रश्न आपल्या वाण्याच्या तराजूएवढाच जुना आहे. रिकाम्या तराजूचं एक पारडं खाली जात असेल, तर दुसऱ्या पारड्याला खडा बांधून ते समतोल करतात. त्याला आपण पासंग म्हणतो. पासंग बांधला की शून्याची चूक गेली. पण दांडीच्या दोन बाजू लहानमोठ्या असतील तर? तिथे पासंग पुरत नाही. मग वस्तू एकदा डाव्या पारड्यात आणि एकदा उजव्या पारड्यात घालून तोलायची, आणि दोन्ही वजनांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं. ही दुहेरी तोलण्याची रीत गाऊसच्या नावाने ओळखली जाते. यातली गंमत लक्षात घ्या. तराजू दुरुस्त केलाच नाही. तो वाकडा तो वाकडाच राहिला, पण त्याचा वाकडेपणा हिशेबातून काढून टाकला. नेटवर्क ॲनालायझरचा सगळा इतिहास म्हणजे हीच युक्ती.

व्होल्टेज आणि करंट कुठे कमी पडले

साध्या विद्युत परिपथात आपण व्होल्टेज आणि करंट मोजतो. एखादा परिपथ कसा वागतो हे कळण्यासाठी त्याची टोकं कधी उघडी ठेवायची, कधी जोडून टाकायची, आणि मोजायचं. वारंवारता वाढली की ही रीत कोलमडते. 10 गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी 3 सेंटिमीटर. तिचा पाव हिस्सा म्हणजे साडेसात मिलिमीटर. तुम्ही तारेचं टोक पक्कं जोडलंत, म्हणजे शॉर्ट केलंत, आणि साडेसात मिलिमीटर मागे येऊन पाहिलंत, तर तिथून ते उघडं दिसतं! शिवाय उघडं टोक खरोखर उघडं नसतं. त्याच्या कडेला थोडं विद्युतक्षेत्र सांडतं, ते टोक छोट्या कपॅसिटरसारखं वागतं. ट्रान्झिस्टर असेल तर शॉर्ट केल्यावर तो स्वतःच दोलन करू लागतो. मग मोजायचं काय?

उत्तर असं की लाटा मोजायच्या. परिपथाकडे किती लाट गेली, त्यातली किती परत फिरली, किती पलीकडे पोचली. या प्रमाणांना एस-पॅरामीटर म्हणतात. दोन तोंडांच्या परिपथाला असे चार आकडे: दोन परावर्तनाचे, दोन पारेषणाचे. प्रत्येक आकड्याला दोन अंगं असतात. लाट किती मोठी हे एक, आणि किती मागेपुढे सरकली, म्हणजे तिची फेज, हे दुसरं. ‘व्हेक्टर’ हा शब्द इथून आला.

ही कल्पना दोन ठिकाणी, एकमेकांना ठाऊक नसताना, जन्मली. बेल्जियममध्ये व्हितोल्ड बेलेविच यांनी 1945च्या आपल्या प्रबंधात अशी सारणी मांडली, पण त्यांनी तिला दुसरं नाव दिलं होतं. अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत रडारवर काम करताना रॉबर्ट डिकी यांनी तीच कल्पना ‘स्कॅटरिंग मॅट्रिक्स’ या नावाने वापरली, आणि नाव रुजलं ते हेच. माँटगोमेरी, डिकी आणि पर्सेल यांच्या 1948च्या मायक्रोवेव्ह परिपथांवरच्या ग्रंथातून ती एका पिढीच्या हाती गेली. हे तेच डिकी, ज्यांचं नाव पुढे विश्वातल्या पार्श्वप्रारणाच्या कथेत येतं, आणि तेच पर्सेल, ज्यांना 1952चं नोबेल मिळालं.

फटीतून डोकावणं

मोजायचं कसं हा प्रश्न वेगळा. 1940 साली बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला आणि 10 सेंटिमीटरच्या लाटांचं रडार शक्य झालं. त्याचे भाग तपासण्याचं त्या काळचं मुख्य साधन होतं स्लॉटेड लाइन. म्हणजे काय, तर लांबीच्या दिशेने बारीक फट पाडलेली नळी. फटीतून एक सुई आत डोकावते आणि नळीभर सरकवता येते. जाणारी आणि परतणारी लाट मिळून आत स्थिर लाट तयार होते, तिचे उंचवटे आणि खळगे सुईने शोधायचे. उंचवटा आणि खळगा यांच्या प्रमाणावरून परावर्तन किती ते कळतं. खळगा नेमका कुठे आहे यावरून फेज कळते.

हे काम एका वेळी एकाच वारंवारतेला व्हायचं. मग वारंवारता बदला, पुन्हा सुई सरकवा, पुन्हा लिहून घ्या. हिशेबासाठी कागदावर स्मिथ चार्ट असायचा. बेल लॅबोरेटरीजच्या फिलिप स्मिथ यांनी तो जानेवारी 1939 मध्ये प्रसिद्ध केला. जपानमध्ये मिझुहाशी यांनी तशीच आकृती त्याआधी, 1937 मध्ये, मांडली होती. गुंतागुंतीचं समीकरण सोडवण्याऐवजी वर्तुळांच्या जाळ्यावर पेन्सिलीने फिरायचं.

या काळातली अचूकतेची कल्पना नीट बघा. मोजमाप चांगलं हवं तर नळी चांगली हवी. फट सरळ हवी, सुई एकाच खोलीवर राहायला हवी. सगळी भिस्त कारागिरावर, लेथवर. चूक दिसली की यंत्रशाळेत जायचं. हिशेबातून चूक काढायची कल्पना होती, पण प्रत्येक वारंवारतेला इतकी आकडेमोड हाताने कोण करणार?

पडद्यावरचा ठिपका

पुढचा टप्पा म्हणजे मोजणी आपोआप व्हावी. डायरेक्शनल कप्लर नावाचा भाग जाणारी आणि परतणारी लाट वेगळी करून देतो. तो वापरून 1950च्या दशकात परावर्तनाचा आकार भराभर मोजता येऊ लागला. पण फेज हरवली. जर्मनीत रोडे उंड श्वार्ट्झ कंपनीच्या 1950च्या सुमाराच्या यंत्राने फेजही दाखवली, म्हणून काहीजण त्याला पहिला व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर मानतात.

मोठा पल्ला गाठला गेला तो 1967 मध्ये. ह्यूलेट-पॅकार्डने 8410 हे यंत्र बाजारात आणलं. ते 110 मेगाहर्ट्झपासून 12.4 गिगाहर्ट्झपर्यंत आकार आणि फेज दोन्ही मोजायचं. उच्च वारंवारतेच्या लाटेचे नमुने घेऊन ती खालच्या, ठरावीक वारंवारतेवर आणायची, आणि तिथे निवांत तुलना करायची, ही त्यामागची क्लृप्ती. पडद्यावर ध्रुवीय आलेख, त्यावर स्मिथ चार्टची काच. वारंवारता सरकली की ठिपका फिरतो आणि वर्तुळं काढत जातो. स्लॉटेड लाइनवर ज्या कामाला दिवस जायचा ते डोळ्यांसमोर सेकंदांत घडायला लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कंपनीच्या नियतकालिकात रिचर्ड अँडरसन यांचा एस-पॅरामीटरवरचा लेख आला. एस-पॅरामीटर प्रयोगशाळेतून रोजच्या डिझाइनमध्ये आले ते अशा लेखांमुळे.

पण चूक? ती होतीच. लोक आधी शॉर्ट लावून काचेवर ग्रीस पेन्सिलीने खूण करायचे आणि मग आपला नमुना लावून खुणेशी ताडून बघायचे. हा आपला पासंगच.

तीन चुका, तीन ओळखीची टोकं

आता थोडं तपशिलात जाऊ. एका तोंडाचं परावर्तन मोजताना यंत्र पुन्हापुन्हा त्याच तीन चुका करतं.

पहिली चूक गळतीची. कप्लर दोन लाटा पूर्ण वेगळ्या करू शकत नाही, जाणाऱ्या लाटेचा थोडा अंश परतणाऱ्या लाटेच्या खिडकीत झिरपतो. पुढे काहीही नसताना यंत्र काहीतरी दाखवतं. हा रिकाम्या तराजूचा कल. दुसरी चूक प्रमाणाची. केबल आणि जोडण्या लाटेला थोडं दाबतात, थोडं उशीर करतात. ही दांडीची लहानमोठी बाजू. तिसरी चूक मात्र तराजूत नाही. परतलेली लाट यंत्राच्या तोंडावर आपटून पुन्हा नमुन्याकडे जाते, पुन्हा परतते. खोलीत आवाज घुमावा तसा हा घुमारा.

गळती किती घातक असते ते आकड्यात पाहू. समजा कप्लरची गळती 30 डेसिबलची, म्हणजे साधारण 0.032. तुमच्या अँटेनाचं खरं परावर्तन 0.05. दोन लाटा एकमेकींना मिळाल्या तर यंत्र 0.082 दाखवेल, विरुद्ध पडल्या तर 0.018. म्हणजे 26 डेसिबलचा चांगला अँटेना एका वारंवारतेला 22 चा सामान्य दिसेल, दुसरीकडे 35 चा उत्कृष्ट. बघणारा म्हणेल, वा, इथे काय सुंदर जुळलंय! ते सौंदर्य यंत्राचं असतं, अँटेनाचं नव्हे. आणि ही गळती वजा करायची तर नुसता आकार माहीत असून चालत नाही, फेज लागते. म्हणून चूक सुधारणं व्हेक्टर यंत्रालाच पूर्णपणे जमतं.

तीन अज्ञात चुका म्हणजे तीन समीकरणं हवीत. म्हणून तीन ओळखीची टोकं लावायची: शॉर्ट, ओपन आणि लोड. शॉर्ट सगळी लाट उलटी करून परत देतो, ओपन सरळ परत देतो, लोड सगळी गिळतो. प्रत्येकाला यंत्र काय दाखवतं ते नोंदवायचं, तीन समीकरणं सोडवायची, चुका हातात येतात. मग अनोळखी नमुना लावायचा आणि हिशेब उलटा फिरवायचा. दोन तोंडांच्या परिपथासाठी हाच विचार वाढवला की एका दिशेला सहा आणि उलट दिशेला सहा अशी बारा पदं होतात. 1970च्या दशकात हे बारा पदांचं मॉडेल रूढ झालं.

पण हे प्रत्येक वारंवारतेला वेगळं करावं लागतं. शेकडो बिंदू, प्रत्येकाला बारा संमिश्र संख्या. इथे संगणक आला. 1966 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने 2116 हा आपला पहिला मिनीकॉम्प्युटर काढला, तोही मुळात उपकरणांना जोडायला. 1968 मध्ये रिचर्ड हॅकबॉर्न यांनी संगणकाला जोडलेल्या स्वयंचलित नेटवर्क ॲनालायझरचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे हॅकबॉर्न पुढे त्याच कंपनीच्या प्रिंटर व्यवसायाचे कर्तेधर्ते झाले. 1971 मध्ये क्रुप्पा आणि सोडोम्स्की यांनी दोन तोंडांच्या नमुन्याचं खरं उत्तर थेट देणारी सूत्रं मांडली. आणि 1984 मध्ये 8510 आलं. त्यात दुरुस्तीचा हिशेब यंत्राच्या आतच होऊ लागला, मोजता मोजता. पडद्यावर दिसायचा तो आकडा आधीच सुधारलेला.

पण ओळखीच्या टोकांची ओळख कोण देणार?

मला आज खरं तर या प्रश्नाजवळ थांबायचं आहे. आपण म्हटलं, लोड सगळी लाट गिळतो. कोण म्हणालं? ओपन सरळ परत देतो असं म्हटलं, आणि थोड्या वेळापूर्वी मीच सांगितलं की उघडं टोक पूर्ण उघडं नसतं. म्हणजे वजनंच खोटी असली तर कितीही हुशारीने तोला, उत्तर खोटंच.

यावरचा एक जुना, सुंदर उपाय म्हणजे सरकता लोड. लाट गिळणारा भाग थोडा सदोष आहे हे मान्य करायचं. तो एका अचूक नळीत बसवायचा आणि आतबाहेर सरकवायचा. सरकवला की त्याच्या उरल्यासुरल्या परावर्तनाची फेज फिरते, आकार तोच राहतो. पडद्यावर एक छोटं वर्तुळ तयार होतं. त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे गळती! लोड चांगला असायची गरजच उरली नाही, तो फक्त सरकता क्षणी बदलू नये एवढंच. सगळा भरवसा लोडवरून नळीवर गेला.

आणि नळीचा भरवसा कशावर? मापावर. एकात एक अशा दोन गोल धातूंच्या, मध्ये हवा असलेल्या नळीचा इम्पीडन्स फक्त दोन व्यासांच्या प्रमाणावर ठरतो. बाहेरचा व्यास 7 मिलिमीटर आणि आतल्या दांड्याचा 3.04 मिलिमीटर घ्या, उत्तर येतं 50 ओहम. आतला दांडा 10 मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा, जाड झाला तर इम्पीडन्स सुमारे 0.2 ओहमने ढळतो आणि 0.002 एवढं परावर्तन येतं. म्हणजे गिगाहर्ट्झचं मोजमाप शेवटी येऊन ठेपतं ते मायक्रोमीटरवर, लांबी मोजण्यावर. 1960च्या दशकात 7 मिलिमीटरचे अचूक कनेक्टर बनले ते याच गरजेतून. त्यांत नर-मादी असा भेदच नाही, दोन्ही तोंडं सारखी, त्यामुळे दोन तोंडं एकमेकांना थेट भिडवता येतात.

हाच विचार टोकाला नेला तो कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये. ग्लेन एंगन आणि क्लेटस होअर हे दोघे तिथे सिक्स-पोर्ट नावाच्या वेगळ्याच यंत्रावर काम करत होते. त्यात फेज थेट मोजतच नाहीत, चार ठिकाणी फक्त शक्ती मोजायची आणि त्यावरून फेज काढायची. हे यंत्र कॅलिब्रेट कसं करायचं या खटपटीतून डिसेंबर 1979 मध्ये त्यांनी थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन, म्हणजे टीआरएल, ही रीत प्रसिद्ध केली. आधी दोन तोंडं थेट जोडा. मग दोन्हींना एकच परावर्तक आळीपाळीने लावा. मग मध्ये नळीचा एक तुकडा घाला. परावर्तकाचं परावर्तन किती ते माहीत असायची गरज नाही, दोन्हीकडे ते सारखं असलं की झालं. नळीची नेमकी लांबीही माहीत नसली तरी चालते. समीकरणं सोडवताना या अज्ञात गोष्टीही बाहेर पडतात. माहीत लागतो तो फक्त नळीचा इम्पीडन्स, आणि तो व्यासांवरून येतो.

मर्यादा आहे. नळीचा तुकडा थेट जोडणीपेक्षा फेजने पुरेसा वेगळा असावा लागतो, व्यवहारात साधारण 20 ते 160 अंश. त्यामुळे एक तुकडा एकास आठ एवढ्याच वारंवारतेच्या पट्ट्याला पुरतो. खाली जायचं तर नळी लांबत जाते आणि हाताळणं अवघड होतं. म्हणून शॉर्ट-ओपन-लोड ही रीत संपली नाही, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. सिक्स-पोर्ट मात्र मागे पडलं. त्याच्यासाठी शोधलेली रीत 8510 सारख्या यंत्रांत शिरली आणि जगभर पसरली. मूळ यंत्र गेलं, त्याची दुरुस्ती तेवढी राहिली.

काय बदललं, काय नाही

आज ओपन, शॉर्ट, लोडची छोटी टोकं सोबत असलेला, खिशात मावणारा नॅनोव्हीएनए विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. 1968 मध्ये ज्याला मोठ्या कपाटांची रांग लागायची तोच हिशेब त्यात होतो. हे फार चांगलं झालं. आपल्याकडे नारायणगावजवळच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणीचं उदाहरण घ्या. सुधारित जीएमआरटीचा एक पट्टा 250 ते 500 मेगाहर्ट्झ आहे. एवढ्या रुंद पट्ट्यात अँटेनाच्या तोंडावरून लाट परत फिरली, तर दूरच्या दीर्घिकेचा आधीच क्षीण असलेला संदेश तेवढा वाया जातो. तो वाया जातोय की नाही हे सांगणारं मोजमाप म्हणजे परावर्तनाचं हेच मोजमाप.

पण एक सवय मला खटकते. कॅलिब्रेशन म्हणजे चार बटणं दाबायचा विधी, तो केला की आकडा पवित्र झाला. इतिहास तसं सांगत नाही. सॉफ्टवेअरने लेथची जागा घेतलेली नाही. त्याने लेथची गरज एका जागी गोळा केली, नळीच्या दोन व्यासांत. चुकीच्या टोकांनी कॅलिब्रेट केलेलं यंत्र गोंधळलेलं दिसत नाही. ते गुळगुळीत, देखणा आणि चुकीचा आलेख काढतं. धोका तिथे आहे.

प्रश्नोत्तरांतून

*कॅलिब्रेशन केल्यावर कोणत्या चुका उरतात?*

ज्या पुन्हापुन्हा तशाच होतात त्याच चुका हिशेबातून काढता येतात. कॅलिब्रेशननंतर केबल वाकवली, खोलीचं तापमान बदललं, कनेक्टर झिजला किंवा त्यात धूळ गेली, तर ती नवी चूक झाली. यंत्राला ती कळत नाही. म्हणून तर टॉर्कचा पाना वापरतात, जोडणी दर वेळी सारख्याच जोराने घट्ट व्हावी म्हणून.

*मग कॅलिब्रेशन बरोबर झालं हे कसं ओळखायचं?*

ज्या टोकांनी कॅलिब्रेट केलं तीच परत लावून बघू नका. ती बरोबरच दिसणार, कारण उत्तर तुम्हीच सांगितलंय. कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेली, पण जिचं वागणं ठाऊक आहे अशी वस्तू लावा. उदाहरणार्थ, चांगल्या नळीचा एक तुकडा आणि पुढे शॉर्ट. स्मिथ चार्टवर बाहेरच्या वर्तुळालगत स्वच्छ फेरा दिसला पाहिजे. तो हेलकावे खात असेल किंवा वर्तुळाबाहेर जात असेल, तर शॉर्टमधून गेली त्याहून जास्त लाट परत आली असा अर्थ होईल, आणि ते शक्य नाही. अशा वेळी आकडे लिहून घेऊ नका, पहिल्यापासून कॅलिब्रेशन करा.